डोळे कधी गेले

आमच्या गल्लीत कुणी दाराशी कुत्रा बांधत नाही. चोरण्यासारखं आमच्याकडे असतं तरी काय? शेजारणीकडे, कुन्नाकडे, खजुराच्या दारूचे रांजण आहेत, तेवढे सोडले तर सगळी विद्वानांची घरं. कुणी मांत्रिक, कुणी देवळात शोकगीतं म्हणणारे, कुणी मेंढ्याचं काळीज बघून शकुन सांगणारे. सोन्याचांदीच्या नावानं ठणठणाट, पण घरटी एक खोली अक्षरं कोरलेल्या मातीच्या पाट्यांनी भरलेली. घरच्या बायकांना पाय पसरायला जागा नसली तरी चालेल, पाट्यांना मात्र कोरड्या फळ्या हव्यात. आणि त्या पाट्या राखायला शाप असतो.

माझे यजमान रिहात हे उरुक नगरातले नावाजलेले मांत्रिक आणि वैद्य. पण मला विचाराल तर त्यांचा खरा हात शाप लिहिण्यात. पाटीचा मजकूर संपला की खाली पाटी कुणाची, उतरवली कुणी आणि चोरणाऱ्याचं काय व्हावं, एवढं लिहायची आमच्याकडे रीत आहे. माझे सासरे एका ओळीत भागवायचे. रिहातांना एका ओळीत समाधान नाही. पाटी रात्री घरी ठेवणाऱ्याच्या घरात दिवा न लागो, खोडून आपलं नाव घालणाऱ्याचं नाव कुणी न घेवो, आणि चोरून नेणाऱ्याचे डोळे सूर्यदेव शमश नेवो. मी एकदा म्हटलं, असाच एखादा आपल्या दारूच्या रांजणावर लिहा, म्हणजे तुमचे थोरले बंधू दिवसाआड यायचे नाहीत. ते हसले नाहीत. शापाच्या बाबतीत ते कधीच हसत नाहीत.

शापाशिवाय दोरी होतीच. संध्याकाळी खोलीच्या दाराची दोरी खुंटीला गुंडाळायची, त्यावर ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि गोळ्यावर रिहातांची मुद्रा उठवायची. सकाळी मुद्रा नीट पाहूनच गोळा फोडायचा. बाहेरच्या कुणाला पाटी उतरवून घ्यायची असेल तर त्यानं आमच्या अंगणात बसायचं. पाट्या टोपलीत मोजून द्यायच्या, सूर्य मावळायच्या आत मोजून घ्यायच्या. त्यात लहानथोर पाहायचं नाही.

अपवाद एकदाच झाला, माझ्या बाबांसाठी. बाबा म्हणजे दुम्की, काळीज पाहणारे. मेंढा कापला की त्याच्या काळजावरच्या रेघा, भोकं, डाग वाचून शमश काय म्हणतोय ते सांगायचे. लग्न असो, घराचा पाया असो की लांबचा प्रवास, उरुकातली निम्मी घरं बाबांच्या शब्दावर पाऊल टाकत. माणूस भारी मानी. देवळातले वडीलधारेसुद्धा त्यांच्याशी बोलताना आधी मनात वाक्य जुळवून घेत. त्यांची मुलगी म्हणून मीही पाणवठ्यावर जरा ताठच चालायची, खोटं कशाला बोलू.

या वर्षी बाबा आमच्या अंगणात फार यायला लागले. पाटी मांडीवर घेऊन उन्हात बसायचे आणि ऊन सरकेल तसे सरकायचे. मला वाटलं, म्हातारपणी थंडी वाजते. शिवाय पुरात किदिन गेला होता. किदिन माझा धाकटा भाऊ. लोकर भरलेली नाव घेऊन तो खाली समुद्राकडे निघाला आणि वाटेतच नाव उलटली. बाबांच्या घरी त्याची बायको नुप्ता दिवसभर न बोलता जातं ओढायची. अशा घरातून माणूस लेकीकडे येऊन बसणारच, असं मी धरून चालले.

एके दिवशी रिहातांना कुणा तापाच्या रोग्याकडे घाईनं बोलावणं आलं. संध्याकाळी बाबांकडून टोपली मी घेतली आणि आत नेऊन ठेवली. मोजली नाही. बापाकडून काय मोजून घ्यायचं? रिहात आले, दार बांधलं, मुद्रा उठवली. दुसऱ्या दिवशी कळलं की डोळ्यांच्या दुखण्यावरच्या औषधांची पाटी जागेवर नाही. त्यांच्या आजोबांच्या हातची पाटी होती ती.

रिहात माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. टोपली कुणी आत आणली एवढंच त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. त्या दिवशी बाबांशिवाय अंगणात आणखीही लोक येऊन गेले होते, त्यामुळे नाव कुणाचंच घेता येत नव्हतं. मग ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, मी कुणाच्या घरात शिरून शोधणार नाही, पाटीखाली काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊक आहे, शमश आपला चोर आपण दाखवील.

झालं. त्या दिवसापासून अख्खी गल्ली एकमेकांच्या डोळ्यांत बघायला लागली. धूळ उडाली तरी डोळा चोळायची कुणाची छाती होईना. शोकगीतवाल्यांच्या सुनेला रांजणवाडी झाली, तर सासूनं तिला घराबाहेर पडू दिलं नाही. रिहातांचे थोरले बंधू सकाळी लाल डोळ्यांनी आले, तेव्हा त्यांना दाराशीच शपथेवर सांगावं लागलं की हे कुन्नाच्या रांजणामुळे आहे. मला हसू येत होतं. आमच्या विद्वानांना एरवी समोरची पायरी दिसत नाही आणि आता दुसऱ्याची पापणी फडफडली तरी दिसत होती.

मग कुन्नाची लेक बॅबिलोनला द्यायची ठरली. मुलगी लांब जाणार म्हणून कुन्नानं शकुन पाहायचं ठरवलं. मेंढा आणला, बाबांना बोलावलं, आणि मान म्हणून काळीज पाहणाऱ्यांतले सगळ्यात वडील लबाशी यांनाही बोलावलं. कुन्नाच्या अंगणात गल्ली जमली. मेंढा कापला. बाबांनी काळीज हातात घेतलं, वर धरलं, अंगठ्यानं चाचपलं आणि म्हणाले, सगळं गुळगुळीत आहे, मुलगी सुखात राहील.

कुन्ना शेवटी मुलीची आई. तिनं मान पुढे काढून पाहिलं. "मग हे काळं काय आहे?"

"कुठं?" बाबा म्हणाले. त्यांचा अंगठा हलला आणि त्या डागाच्या पलीकडे, भलतीकडेच जाऊन थांबला. डाग खजुराच्या बीएवढा होता. मागे उभ्या असलेल्या मलासुद्धा दिसत होता.

लबाशी उठले, बाबांच्या हनुवटीला हात लावला आणि त्यांचं तोंड उन्हाकडे वळवलं. भर उन्हात बाबांनी पापणी मिटली नाही. दोन्ही बुबुळांवर दुधावर धरते तशी साय होती. इतके दिवस मी त्यांना जेवायला वाढत होते, त्यांच्यासमोर बसत होते, आणि मी ते पाहिलं नव्हतं.

"दुम्की, कधीपासून?" लबाशींनी विचारलं.

बाबांनी क्षणाचाही विचार केला नाही. "पाटी उचलली त्या संध्याकाळपासून," ते म्हणाले. "जावयाची डोळ्यांची पाटी मी नेली. शमशनं घरी पोचायच्या आत हात फिरवला."

माझा बाप चोर. आणि तेही कसं, तर कुन्नाच्या अंगणात, पाखडायला आलेल्या मोलकरणींसमोर, मेंढ्याच्या रक्तानं भरलेले हात घेऊन. मी पदर पुढे ओढला. खरं सांगते, त्या घटकेला मला त्यांची दया आली नाही. माझ्याकडे लोक बघतायत एवढंच मला कळत होतं. गर्दीतून कुन्नाच्या भावानं घाबरत विचारलं की मग उन्हाळ्यात आपल्या घराच्या पायासाठी पाहिलेलं काळीज खरं धरायचं की नाही. लबाशी म्हणाले, धरा, तेव्हा यांचे डोळे धड होते, चोरी आत्ताची आहे. ते ऐकून सगळ्या अंगणानं सुटकेचा श्वास टाकला. चोराला शिक्षा झाली होती आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

डोळ्यांत दोष असलेल्यानं शमशपुढे काळीज धरायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. लबाशींनी तिथल्या तिथे बाबांना सांगितलं की यापुढे देवळात पाऊल ठेवू नका. बाबांनी मान हलवली. रिहात एका बाजूला उभे होते. सासऱ्याच्या चोरीनं त्यांचा चेहरा उतरला होता, हे खरं. पण मी त्यांच्याबरोबर संसार केलाय. त्यांचा शाप लागू पडला होता, आणि ते समाधान त्यांना लपवता येत नव्हतं.

पाटी परत आणायला रिहातांनी मला धाडलं. बापाच्या घरी मी तणतणत गेले. वाटेत जे जे बोलायचं ते सगळं जुळवलं होतं. तुम्हाला हवी होती तर मागायची, जावयाच्या घरात चोरी करताना माझा संसार आठवला नाही का, उद्या मी पाणवठ्यावर कोणत्या तोंडानं जाऊ. नुप्ता जात्यावर होती. बाबा आत भिंतीला टेकून बसले होते. गल्लीतून कुणीतरी आधीच येऊन सगळं सांगून गेलं होतं, हे तिच्या सुजलेल्या तोंडावरून कळलं.

बसायला म्हणून मी दाराजवळचा जवाचा रांजण बाजूला करू लागले, तशी नुप्तानं माझा हात धरला. "वन्सं, तो हलवू नका हं. बाबा फार चिडतात. मागच्या वर्षी खजूर उतरवले ना, तेव्हापासून या घरात कुठली वस्तू इकडची तिकडे झालेली त्यांना चालत नाही."

"मागच्या वर्षी? म्हणजे पुराच्या आधी?"

"हो तर. हे होते की तेव्हा. पहिला ओरडा ह्यांनाच बसला, चौरंग सरकवला म्हणून." तिला त्या आठवणीनं जरासं हसू आलं, आणि मग ते तसंच ओठावर राहून गेलं.

माझी सगळी जुळवाजुळव गळून पडली. मी नुप्ताला घागर दिली, कालव्यावरून ताजं पाणी आणायला सांगितलं, आणि ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत दारात उभी राहिले. मग बाबांसमोर जाऊन बसले.

"बाबा, डोळे कधी गेले?"

"अंगणात सांगितलं ना. तूही होतीस."

"रांजण का हलवायचा नाही, ते नुप्तानं सांगितलं मला."

मग त्यांनी सगळं सांगितलं, अगदी हळू, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं. आधी दिव्याभोवती कडं दिसायला लागलं. मग पाटीवरची अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली. मग काळजावरचे डाग. त्यांना वाटलं, आयुष्यभर धरलेलं काळीज अंगठ्याला पाठ आहे, डोळ्यांचं एवढं काय अडतंय. मागच्या वर्षीच्या खजुरांपासून त्यांनी उरुकातलं एकही काळीज डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. लोक विचारायचे आणि ते अंगठ्यानं उत्तर द्यायचे.

मला पुढचं विचारायचं नव्हतं. पण ते तोंडातून निघालंच.

"किदिनच्या वेळी?"

बाबांनी चेहरा भिंतीकडे वळवला. "प्रवासाच्या शकुनाला एक रेघ बघतात. मार्गाची रेघ. ती कुठं तुटली असेल तर माणसाला धाडायचं नाही. माझ्या अंगठ्याला ती सलग लागली."

"तुटलेली होती का?"

"मला माहीत नाही. असेल. नसेल. मी पाहिली नाही, एरिश्ती. पोरगा समोर उभा होता, नाव भरून तयार होती, आणि मला दिसत नाही हे त्याच्यासमोर बोलायची मला लाज वाटली. मी जा म्हणालो."

मी रडले नाही. माझ्या जिवाचा नुसता संताप झाला. मी म्हटलं, आणि एवढं होऊनही तुम्ही आज कुन्नाचा मेंढा धरलात? तिच्या मुलीलाही जा म्हणणार होतात? त्यावर ते म्हणाले, थांबलो असतो तर का थांबलो ते सांगावं लागलं असतं. एकदा ते सांगितलं की मागचं सगळं उघडं पडतं. म्हणून आधी डोळे बरे करायचे आणि मग बघू, असं त्यांनी ठरवलं. रिहातांकडे जायची सोय नव्हती. वैद्याला कळलं म्हणजे देवळाला कळलं. म्हणून पाटी.

आणि ती पाटी त्यांना वाचता आली नाही. भर दुपारी गच्चीवर जाऊन, नाकाला लागेल इतकी जवळ धरून त्यांनी ती पाहिली, पण मातीवर चिमण्या नाचून गेल्यासारखं काहीतरी, यापलीकडे काही दिसेना. वाचून दाखवायला सांगावं तर गल्लीत ज्याला त्याला पाटी कुणाची ते ठाऊक. मला वाचता येत नाही. लहानपणी मी हट्ट केला होता, तेव्हा मुलीला काय करायचंय म्हणून त्यांनीच मला उठवून लावलं होतं. ते आम्हा दोघांनाही आठवलं असावं.

त्यांनी उठून, चाचपडत दाराजवळच्या जवाच्या रांजणात हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली पाटी काढून माझ्या हातात दिली.

मी म्हटलं, मी रिहातांना खरं सांगते. हा आजार आहे, शाप नाही. आजाराला ते औषध करतील. शापानं गेलेल्या डोळ्यांना ते हात लावणार नाहीत, देवाच्या शिक्षेत वैद्यानं पडायचं नसतं.

"नकोच लावू दे." बाबांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं. "मला चोर म्हणू देत. चोर मी आहेच. पण दुसरं कुणाला कळू देऊ नकोस. लबाशीला नाही, जावयाला नाही. आणि तिला तर नाहीच." कालव्याच्या बाजूला त्यांनी मान केली.

घरी येऊन मी पाटी रिहातांसमोर ठेवली. त्यांनी हात धुतले, पाटी उजेडात धरली, एक कोपरा किंचित उडाला होता तो पाहून हळहळले. मग बसल्या बसल्या ती पूर्ण वाचली. वाचून झाल्यावर ते जे बोलले त्याची मला अपेक्षा नव्हती.

"मागितली असती तर मीच औषध केलं असतं गं. साय कोवळी असली तर उतरतेही कधीकधी. माझ्या आजोबांनी उतरवलेली आहे." त्यांनी पाटी खाली ठेवली. "पण आता काय? शमशनं नेलेलं मी कसं परत आणू?"

वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. इतकंच म्हणायचं होतं की शमशनं काही नेलेलं नाही. ते म्हटलं असतं तर रिहात त्याच पावली औषधाचा खलबत्ता घेऊन निघाले असते, माणूस वाईट नाही. आणि दुसऱ्या दिवशी लबाशींना कळलं असतं, मग कुन्नाच्या भावाला, मग मागच्या खजुरांपासून बाबांच्या शब्दावर घर बांधलेल्या, लग्न लावलेल्या, नाव पाण्यात घातलेल्या प्रत्येकाला. मी ते वाक्य गिळलं. म्हणाले, पाट्या सगळ्या आल्या का ते मोजून घ्या.

रिहातांचं नाव झालं. लांबलांबून लोक आपापल्या पाट्या घेऊन येतात आणि खाली आमच्या यजमानांच्या हातचा शाप लिहून नेतात. घरात ओल्या मातीचा वास भरलेला असतो. मी पाणवठ्यावर गेले की बायका बाजूला होतात, चोराची लेक म्हणून. मी खालमानेनं घागर भरते. त्यांच्या नजरेची लाज वाटतेच, पण ती सोसवते. त्यांना जे माहीत नाही त्याची लाज मला सोसवत नाही, आणि ती घरी आल्यावरही उतरत नाही.

दर चार दिवसांनी मी बाबांकडे जाते. भाकरी, कांदे, थोडं तिळाचं तेल नेते. परवा गेले तेव्हा बाबा दाराशी उन्हात बसले होते. आता त्यांना उन्हाची दिशा तेवढी कळते. नुप्ता जात्यावर होती. तिनं मला जवळ बोलावलं, आवाज खाली आणला, पण तितकासा नाही.

"वन्सं, एक विचारू? लोक बाबांना काय काय बोलतात. मला राग येतो. बाबांनी पाटी नेली, चुकलं त्यांचं. पण मी रात्री पडल्या पडल्या एकच विचार करते. ह्यांच्या वेळी तर बाबांचे डोळे चांगले होते ना? ह्यांच्या प्रवासाचं काळीज बाबांनी नीट बघितलं होतं ना?"

दाराशी बाबांची पाठ ताठ झाली. ते वळले नाहीत.

"हो," मी म्हणाले. "चांगले होते. नीट बघितलं होतं."

"मग झालं," नुप्ता म्हणाली. "नदीनंच नेलं ह्यांना. त्याला कोण काय करणार?" तिनं डोळे पुसले, मूठभर जव जात्यात घातले आणि बाबांना हाक मारून विचारलं की ऊन लागत असेल तर आत येता का. बाबांनी मान हलवून नको म्हटलं आणि तोंड उन्हाकडे करून बसून राहिले.